हसण्यास हरकत नाही

'कलात्मक चित्रपट' या दोन शब्दांची मध्यमवर्गीय घरात जी धास्ती आहे ती इन्कमटॅक्सच्या नोटिशीचीसुद्धा नाही. नोटीस आली तर माणूस एखादा सी.ए. गाठतो. कलात्मक चित्रपट अंगावर आला तर कोणाला गाठायचे? त्यातून तो युरोपातला, काळा-पांढरा आणि 'नवप्रवाहा'तला वगैरे असला, की सुज्ञ माणूस 'जरा दळण घेऊन येतो' म्हणून चपला पायात सरकवतो. जे उरतात त्यांची अवस्था आणखी कठीण. ते तेराव्याच्या जेवणाला बसल्यासारखे बसतात. पानात वाढलेले गोड असते, पण गोड लागले असे तोंडावर दिसू द्यायचे नसते.

मग चर्चा होते. तिला रसग्रहण म्हणतात. व्याकरणाशी माझा संबंध दहावीला सुटला, पण 'रसाला लागलेले ग्रहण' असा त्या शब्दाचा विग्रह मी फार दिवसांपूर्वी करून ठेवला आहे. कॉलेजात असताना नागपुरात अशा एका खेळाला गेलो होतो. पडद्यावर एक उंच, काटकुळा फ्रेंच माणूस तोंडात पाइप धरून टेनिस खेळत होता. सर्व्हिस करण्याआधी तो रॅकेट अशी पुढे-मागे सरकवी, की बेकरीवाला भट्टीत पाव घालतो आहे असे वाटावे. मला हसू फुटले. पुढच्या रांगेतली एक दाढी सावकाश मागे वळली. मी गाभाऱ्यात बुटांसकट शिरलो आहे असा त्या नजरेत भाव होता. खेळ संपल्यावर त्याच दाढीने सांगितले, की ते टेनिस म्हणजे बूर्ज्वा अवकाशाचे विघटन होते. असेलही. पण ज्याने तो चित्रपट काढला त्या जाक तातीने विघटन चालू असताना लोकांनी पोट धरून हसावे म्हणून जिवाचे रान केले होते, हे त्या सभागृहात सांगायचे कोणाला?

सांगायचा मुद्दा असा, की युरोपातल्या या जुन्या विनोदी चित्रपटांभोवती भक्तांनी एवढे उंच कुंपण घातले, की ज्यांच्यावर ते काढले ते लोक बाहेरच राहिले. आणि कुंपणाच्या आत आहे काय? पोस्टमन आहे, स्टेशनमास्तर आहे, कारकून आहे, लॉटरीची तिकिटे खपवणारी कमिटी आहे. म्हणजे तुम्ही आहात आणि मी आहे.

माझी पात्रता विचाराल तर मी नागपूर विद्यापीठाचा बी.कॉम. असून गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव या तालुक्याच्या गावी एका बँकेत क्लार्क आहे. गावाचे नाव पूर्ण सांगावे लागते, कारण आमच्याच जिल्ह्यात सडक अर्जुनी नावाचा दुसरा तालुका आहे. उभा जिल्हा आठ तालुक्यांचा आणि त्यात दोन अर्जुनी. त्यामुळे आमच्याकडे यायची पत्रे, पार्सले आणि लग्नाचे एखाददुसरे वऱ्हाड आधी तिकडे जाऊन येते. ताती इथे जन्माला आला असता तर एवढ्या भांडवलावर त्याने दोन तासांचा चित्रपट उभा केला असता. भोवती धानाच्या बांध्या, पलीकडे नवेगावबांधचे जंगल आणि तलाव, आणि मधून जाणारी गोंदिया-बल्लारशाह लाइन. अशा गावात युरोपियन सिनेमा पाहणारा माणूस म्हणजे उपासाच्या दिवशी कांदा खाणारा. चोरून पाहावा लागतो. पण चोरून पाहिल्यामुळेच तो मला सरळ दिसला. दाढी पुढच्या रांगेत नव्हती.

प्रथम आमच्या धंद्यापासून सुरुवात करू. १९६१ साली एर्मान्नो ओल्मी या इटालियन दिग्दर्शकाने 'इल पोस्तो' नावाचा चित्रपट काढला. 'पोस्तो' म्हणजे जागा, नोकरीची जागा. ओल्मी स्वतः मिलानच्या एका वीज कंपनीत कारकुनी करून आलेला होता, त्यामुळे त्याने काही मनाचे घातले असेल असा संशय घ्यायला जागा नाही. कथा विचाराल तर एका ओळीची आहे. मिलानजवळच्या गावातला दोमेनिको नावाचा पोरगा मोठ्या कंपनीत नोकरीसाठी परीक्षा देतो आणि त्याला नोकरी लागते. संपला चित्रपट. आपल्याकडे एवढ्यावर पेढेसुद्धा अर्धा किलोच आणतात.

पण गंमत पाहा. परीक्षेत गणिताचे एक उदाहरण आहे, मग उठाबशा आहेत, मग कोणाच्या बापाला सुचणार नाहीत असे प्रश्न आहेत. उमेदवार एकमेकांकडे चोरून बघतात. आधी दोमेनिकोला शिपायाच्या हाताखाली बसवतात, कारण कारकुनाची जागा रिकामी नाही. जागा रिकामी कधी होते? एक कारकून मरतो तेव्हा. त्याचे टेबल दोमेनिकोला देतात, तर मागच्या टेबलावरचा एक जण उठून म्हणतो, मी इथे वीस वर्षे आहे, पुढचे टेबल माझे! झाले. सगळे आपापले कागद, दौत, टेबललॅम्प उचलून एकेक घर पुढे सरकतात आणि पोरगा सगळ्यात मागे, जिथे उजेड पोचत नाही तिथे, येऊन बसतो. हा प्रसंग मी पाहिला तेव्हा खुर्चीतून पडायचा बाकी होतो. आमच्या शाखेत खिडकीजवळच्या टेबलावरून असाच एक पेचप्रसंग झाला होता आणि त्यात युनियन, सिनिऑरिटी लिस्ट आणि एक पंखा एवढे गुंतले होते. ओल्मीला ही बातमी साठ वर्षे आधी कशी लागली ते कळत नाही.

आता त्यातली मेख. तो मेलेला कारकून रात्री जागून कादंबरी लिहीत असे. त्याच्या टेबलाचा खण साफ करताना तिची पाने निघतात. ओल्मी त्यावर व्हायोलिन वाजवत नाही, पाने वाऱ्यावर उडवत नाही. खण साफ होतो, पुढचे काम सुरू होते. इतका वेळ मी हसत होतो. त्या खणापाशी मात्र हसू अर्ध्यावर राहिले, कारण विनोदी लेखांचे कागद मीही बँकेच्याच खणात, व्हाउचरांच्या खाली ठेवतो. दुसऱ्या दिवशी जाऊन मी तो खण उघडला आणि नुसता बंद केला. शेवटी दोमेनिको आपल्या जागेवर बसलेला असतो आणि सायक्लोस्टाइल यंत्राचा खडखडाट एकसारखा ऐकू येत राहतो. जन्माची ददात मिटली आणि जन्मही मिटला, या दोन्ही गोष्टी एकाच आवाजात. हे समजायला कोणते शास्त्र लागते? वीस वर्षांची सर्व्हिस पुरते.

दुसरा नंबर पोस्टखात्याचा. तातीचा पहिला मोठा चित्रपट 'जूर द फेत', म्हणजे आपल्या भाषेत 'जत्रेचा दिवस'. मध्य फ्रान्समधल्या सेंत-सेव्हेर नावाच्या खेड्यात त्याने तो १९४७ साली चित्रित केला. रंगीत करायचा म्हणून एका नव्या प्रक्रियेची फिल्म घेतली आणि न जाणो म्हणून शेजारी दुसरा कॅमेरा साधी काळी-पांढरी फिल्म घालून ठेवला. रंगीत फिल्मची प्रत कोणाला काढताच येईना. १९४९ साली दुसऱ्या कॅमेऱ्यातला चित्रपट लोकांपुढे आला. रंग उमटले ते १९९५ साली, तातीच्या मुलीच्या खटपटीने. तोवर ताती जाऊन तेरा वर्षे झाली होती. सहीची डुप्लिकेट प्रत नेहमी ठेवावी, असे आम्ही ग्राहकांना उगीच सांगत नाही.

यातला फ्रांस्वा हा खेड्यातला पोस्टमन. सायकलवरून डाक वाटतो, वाटेत कोणाचा खांब उभा करायला हात लावतो, कोणाकडे घोटभर घेतो. जत्रेतल्या तंबूत एक माहितीपट लागतो. अमेरिकेतले पोस्टमन म्हणजे काय विचारता! विमाने काय, कसरती काय! गावकरी फ्रांस्वाला चिडवतात. मग दुसऱ्या दिवशी तो 'जलद सेवा' सुरू करतो. पत्रे घोड्याच्या शेपटीखाली, मळणीयंत्राच्या तोंडात, दिसेल तिथे खुपसत सुटतो आणि अखेर सायकलसकट नदीत जातो. शेवटी पिशवी एका पोराकडे देऊन तो गवत भरणाऱ्या लोकांना हात लावायला उभा राहतो.

हा चित्रपट मी एकदा शाखेत दाखवला. लिंक गेली होती. बँकेत लिंक जाते म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेळ किती मिळाला हे सांगायला नको. धानाचे चुकारे जमा झाले का हे विचारायला आलेले चारसहा जण, निराधार योजनेच्या पैशांसाठी बसलेली एक म्हातारी, आमचा शिपाई आणि मी, असे सगळे माझ्या मोबाइलभोवती जमलो. भाषा फ्रेंच, खालची अक्षरे इंग्रजी, म्हणजे दोन्ही न समजण्याची पुरेपूर सोय. पण तातीच्या चित्रपटात बोलणे हे पंख्याच्या आवाजासारखे असते. नुसते मागे चालू राहते. फ्रांस्वाची धावपळ पाहून म्हातारी पदर तोंडाला लावून हसायला लागली. आमचा शिपाई मात्र गंभीर.

"बाबू," तो म्हणाला, "ह्या पोस्टमनले एवढी घाई कायची आहे जी? चिठ्ठी का नासून जाते का?"

या चित्रपटावर मी फ्रान्सपासून मुंबईपर्यंतच्या विद्वानांचे पुष्कळ वाचले आहे. यापेक्षा नेमके एक वाक्य कोणी लिहिलेले आठवत नाही. वेगाचे वेड, अमेरिकेची नक्कल, गावाची लय, सगळे त्यात आले. वर ते बोलणारा माणूस तीन वर्षांपूर्वी 'ग्राहक सेवा: तीस सेकंदांत' असा ट्रेनिंगचा माहितीपट पाहून आलेला होता.

इथे एक थोडी तांत्रिक गोष्ट सांगतो. घाबरू नका, सोपी आहे. आपल्याकडच्या विनोदी सिनेमात विनोद आला की कॅमेरा नटाच्या नाकापर्यंत जातो आणि मागे 'टॉइंग' वाजते. म्हणजे 'येथे हसा' असा शिक्का मारलेला असतो. ताती सहसा क्लोजअप घेत नाही. तो लांब उभा राहतो आणि सगळा चौकच्या चौक तुमच्यापुढे ठेवतो. डाव्या कोपऱ्यात एक जण दारात अडकलेला असतो, मागे दुसरा फोन शोधत असतो, मधून एक कुत्रे जाते. कुठे पाहायचे ते तुम्ही ठरवायचे. क्लोजअप म्हणजे साहेबांनी ठेवलेले बोट, 'इथे सही करा'. लांबचा शॉट म्हणजे आमच्या काउंटरची काच. तिच्यातून दिवसभर अख्खी शाखा दिसते आणि हसायचे कशाला हे कोणी सांगत नाही. फुली असलेल्या जागेवर अंगठा आणि अंगठ्याच्या जागेवर फोटो चिकटवणारा गृहस्थ, पासबुक छापून झाल्यावर यंत्राला नमस्कार करणारी बाई, पेन मागून घेऊन खिशात ठेवणारे सभ्य शिक्षक. ज्याला बघायची सवय आहे त्याला रोज एक चित्रपट फुकट आहे. ती सवय तातीने लावली. त्याने शिकवलेले हसू कोणाला पाडून मिळवलेले नसते, नुसते नीट पाहून मिळते.

याच पद्धतीचा कळस म्हणजे १९६७ चा 'प्लेटाइम'. यासाठी तातीने पॅरिसच्या कडेला काचेच्या इमारतींचे एक खोटे शहर बांधले. लोक त्याला तातीव्हिल म्हणत. स्वतंत्र वीजघर, रस्ते, सगळे. तीन वर्षे काम चालले. ७० मिलिमीटरचा पडदा, त्यात नायक जवळजवळ नाही, आणि प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी घडते आहे. चित्रपट चालला नाही. ताती कर्जात बुडाला आणि स्वतःच्या जुन्या चित्रपटांचे हक्कसुद्धा गमावून बसला. हे प्रकरण कर्जविभागात आले असते तर आमच्या साहेबांनी पहिल्या पानावरच लाल शेरा मारला असता आणि बँकेच्या दृष्टीने ते बरोबरही ठरले असते. पण त्या चित्रपटातला एक दरवान पाहा. नव्या हॉटेलचे काचेचे दार पहिल्याच रात्री फुटते. हातात नुसती पितळी मूठ उरते. तो ती मूठ हवेत धरून अदबीने नसलेले दार उघडतो, गिऱ्हाईक आत येते, तो नसलेले दार लावतो. आणि गिऱ्हाईक थांबते बरे का, दार उघडेपर्यंत! सरकारी-निमसरकारी नोकरीत ज्याने आयुष्य काढले त्याने या मुठीला ओळखले नाही तर पेन्शन रोखून धरावी.

फ्रान्सहून आता चेकोस्लोव्हाकियात येऊ. तो देश १९९३ पासून नकाशात नाही, पण १९६०च्या दशकात तिथे जो नवप्रवाह आला त्याच्याइतके हसून घेतलेले रडणे दुसऱ्या कोणाला जमले नाही. यिर्जी मेंझेलने १९६६ साली 'कडक पहाऱ्यातल्या गाड्या' अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट काढला. बोहुमिल हराबलच्या कादंबरीवरून. चित्रपट काढताना वय वर्षे अठ्ठावीस, आणि पुढे त्याच चित्रपटाला ऑस्कर मिळवून मोकळा. दुसरे महायुद्ध चालू आहे, देश जर्मनांच्या ताब्यात आहे आणि एका लहानशा स्टेशनावर मिलोश नावाचा पोरगा उमेदवारीला येतो. ध्येय काय? डोक्यावर टोपी घालून प्लॅटफॉर्मवर उभे राहायचे आणि बापाप्रमाणेच फारसे काम करायचे नाही. आजोबा हिप्नॉटिस्ट होते. त्यांनी जर्मन रणगाडे नुसत्या नजरेने थांबवायचा प्रयत्न केला. रणगाडे थांबले नाहीत. स्टेशनमास्तर कबुतरे पाळतो.

आमचे अर्जुनीचे स्टेशन एके काळी नॅरोगेजवर होते, गाडी म्हणजे घरच्या म्हशीसारखी ओळखीची. त्या स्टेशनावर ज्याने दोन गाड्यांच्या मधला वेळ काढला आहे त्याला मेंझेल समजावून सांगावा लागत नाही. त्या चित्रपटात रात्रपाळीचा एक बाबू तारायंत्रावरच्या मुलीच्या पार्श्वभागावर ऑफिसचे सगळे रबरी शिक्के उमटवतो. शिक्के म्हणजे काय चीज आहे हे माझ्यासारख्याला विचारा! चौकशी बसते. अधिकारी शिक्के तपासतात आणि निष्कर्ष काय निघतो? मुलीच्या स्वातंत्र्यावर घाला नाही, जर्मन या राजभाषेचा मात्र अवमान झाला आहे. खात्याअंतर्गत चौकशीचा इतका सच्चा अहवाल मी पडद्यावर दुसरा पाहिलेला नाही. आणि तुम्ही हसत असतानाच तो टोपीवाला पोरगा दारूगोळ्याच्या गाडीवर बॉम्ब टाकतो आणि गोळी लागून त्याच गाडीवर पडतो. वीर म्हणून पुतळा व्हावा असे त्याच्यात काही नव्हते. मेंझेलने त्याला आधी मोठा केला नाही, म्हणून तो मेल्यावर आपल्याला इतका लागतो.

मिलोश फोर्मनने १९६७ साली तर सरळ कमिटीलाच हात घातला. गावचे अग्निशमन दल वार्षिक समारंभ करते. कामे करणारे बहुतेक खरेखुरे बंबवाले. लॉटरीची बक्षिसे टेबलावर मांडली आहेत, ती एकेक करून नाहीशी होतात. सौंदर्यस्पर्धेसाठी मुली मिळत नाहीत. जुन्या अध्यक्षांना भेट द्यायची कुऱ्हाड पेटीत नसते. ऐन समारंभात एका म्हाताऱ्याचे घर पेटते, बंब बर्फात रुततो आणि म्हाताऱ्याला थंडी वाजू नये म्हणून त्याची खुर्ची जळत्या घराच्या आणखी जवळ सरकवतात. मदत म्हणून त्याला काय मिळते? लॉटरीच्या तिकिटांचा ढीग. बक्षिसे तर केव्हाच पळाली. मध्ये चोरांना संधी म्हणून दिवे मालवतात, तर दिवे लागल्यावर एक बिचारा वस्तू परत ठेवताना सापडतो. चोर सगळे सुटले, प्रामाणिक तेवढा पकडला! आमच्या भागात मंडईला, गणेशोत्सवाला ज्याने कमिटीत काम केले आहे त्याने या चित्रपटाला येताना रुमाल आणावा. डोळे कशाने भरतील सांगता येत नाही.

सरकारला मात्र ही कमिटी ओळखीची वाटली. १९६८च्या ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे आले आणि चित्रपट डब्यात गेला. इटालियन निर्मात्याने आधीच पैसे काढून घेतले होते. तेव्हा फ्रेंच नवप्रवाहातला त्रुफो आणि त्याचा सोबती क्लोद बेरी यांनी परदेशातले हक्क विकत घेऊन फोर्मनला वाचवले. फोर्मन अमेरिकेत गेला आणि तिथे मोठा झाला. एका गावच्या फजितीवर काढलेल्या हलक्याफुलक्या चित्रपटाला एक अख्खे राज्य घाबरले. हसणे ही बिनमहत्त्वाची गोष्ट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ही एन्ट्री लक्षात ठेवावी.

फ्रेंच नवप्रवाहाचे नाव निघाले आहे तर गोदारला टाळून चालणार नाही. पुष्कळांनी टाळला आहे, मीही थोडा टाळतो. १९६० सालच्या 'ब्रेथलेस'मध्ये चित्रपट लांबला म्हणून त्याने शॉटच्या पोटातलेच तुकडे कापले. व्यवहार सोपा आहे, पण विद्वानांनी त्याच्यावर ग्रंथ लिहिले. १९६४ सालच्या 'बांद आ पार'मध्ये तिघे जण ठरवतात, की एक मिनिट गप्प बसू, आणि चित्रपटाचा सगळा आवाजच बंद होतो. मी घड्याळ लावून पाहिले. मिनिट छत्तीस सेकंदांचे आहे. चोवीस सेकंद टॅली होत नाहीत. पण तेवढ्या वेळात आपण खोलीतला पंखा, शेजारची शिट्टी आणि स्वतःचा श्वास ऐकतो आणि फसून हसतो. गोदार एवढा जरी चाखला तरी बाधत नाही.

आता कोणी म्हणेल, हे सगळे पुण्या-मुंबईला ठीक आहे. १९५९ साली फिल्म सोसायट्यांचा महासंघ निघाला, १९६४ साली पुण्याला राष्ट्रीय फिल्म संग्रहालय झाले, १९६८ साली मुंबईत 'प्रभात चित्र मंडळ' सुरू झाले. या मंडळींनी डबे वाहून आणले, हॉल मिळवले, वर्गण्या जमवल्या. त्यांनी केले नसते तर ही नावे आपल्यापर्यंत पोचली नसती. हे ऋण आहे आणि ते मी जमेच्या बाजूला मांडतो. पण संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी आणखी एक गोष्ट केली, ती मला जास्त मोठी वाटते. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडु नावाचे सुपारीच्या बागांचे खेडे आहे. तिथे के. व्ही. सुब्बण्णांची 'निनासम' संस्था. १९७०च्या दशकात नायर आणि सतीश बहादूर यांनी जगातले नामांकित चित्रपट त्या खेड्यातल्या लोकांना दाखवले. सुपारी सोलणाऱ्या माणसांनी 'बायसिकल थीव्ह्ज' पाहिला आणि सायकल चोरीला गेल्यावर कसे वाटते हे त्यांना कोणाला विचारावे लागले नाही.

आमच्या झाडीपट्टीला तर हे फारच सोपे जावे. धान घरात आले, दिवाळी झाली, की आमच्याकडे मंडई, शंकरपट आणि रात्रभराची नाटके सुरू होतात. आमच्याच रेल्वेलाइनवरचे वडसा हे या रंगभूमीचे मुख्य ठाणे. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. हजारो माणसे थंडीत चादरी गुंडाळून जमिनीवर बसतात, हसायचे तिथे हसतात, रडायचे तिथे रडतात आणि पहाटे नाटक पडले की चढले हे घरी जाताना दोन शब्दांत सांगतात. या प्रेक्षकाला कोणी रसिक म्हणत नाही, कारण तो चर्चेला थांबत नाही. त्याला सकाळी बैल सोडायचे असतात.

आणि मराठीत हे पाणी आलेच नाही असेही नाही. उमेश कुलकर्णीचा २००८ चा 'वळू' पाहा. गावातल्या प्रत्येक नुकसानीचे खापर डुरक्या नावाच्या बैलावर फोडतात, त्याला धरायला वनखात्याचा अधिकारी येतो आणि त्याचा भाऊ या मोहिमेवर माहितीपट काढतो. फोर्मनच्या बंबवाल्यांना या गावात सहज भाड्याने खोली मिळाली असती. २०१४ चा चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' तर लांबून, न हलता पाहतो. बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून न्यायाधीश एका बाईचा खटला पुढे ढकलतात तेव्हा हसू येते, आणि शाहीर नारायण कांबळे पुन्हापुन्हा आत जातो तेव्हा ते हसू घशात राहते. तो कांबळे साकारणारे वीरा साथीदार आमच्या नागपूरचे. २०२१ साली करोनाने गेले. म्हणजे पहा, पद्धत परदेशी वाटली तरी माणूस शेजारचाच होता.

एकच गोष्ट मनाला लागून राहिली आहे. फ्रांस्वाची सायकल, मेंझेलचे स्टेशन, ओल्मीचे ते एकामागे एक टेबल, हे सगळे आता बटणावर आले. माझे काउंटरही फार दिवसांचे सोबती नाही. लोक घरबसल्या पैसे पाठवतात आणि घरबसल्या चित्रपट पाहतात, एकेकटे, कानात बोंडे घालून. सोय उत्तम आहे. पण लिंक गेलेल्या त्या दुपारी म्हातारी हसली म्हणून बाकीचे हसले, आणि शिपायाने विचारले म्हणून मला कळले. एकट्याने पाहिला तेव्हा तो चित्रपट नुसता चांगला होता. दहा जणांत पाहिला तेव्हा तो आमचा झाला.

म्हणून एक विनंती तयार ठेवली आहे. येत्या मंडईत नाटकाचा पडदा उघडण्याआधी, पेट्रोमॅक्सच्या जागी आलेले मोठे दिवे तासभर मालवून, स्टेजवर पांढरे कापड बांधून 'जूर द फेत' दाखवावा. बँकेच्या सवयीने अर्ज रीतसर केला आहे. अटी येणेप्रमाणे: प्रवेश विनामूल्य. बसण्यासाठी ज्याने-त्याने बोरा आणावा. भाषा समजण्याची आवश्यकता नाही. मध्येच उठून चहा पिण्यास मुभा आहे. खेळानंतर चर्चा होणार नाही. दाढी असल्यास मागे बसावे. प्रेक्षकांनी हसण्यास हरकत नाही.